पोटरीतली गोळी

शुक्रवार पेठ, सोलापूर
२६ जानेवारी २०२५

ती. चिमाआजी यांना ऋतुजाचा नमस्कार.

आजोबांचा तेरावा परवा झाला. तुमचा सख्खा भाऊ, तुम्हाला आणायला हवं होतं; पण एवढ्या थंडीत सांगोल्याहून नको, असं बाबांनी ठरवलं. राग मानू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून कागदावर लिहिते. प्रियंकावहिनी, तुम्ही नातसून आहात, तुमचा आवाज त्यांना कळतो. उजव्या कानाशी बसून सावकाश वाचा.

घरी सगळं ठीक आहे. मी चौथ्या दिवसापासून लॅबमध्ये जाते. रक्त घेते, नळ्यांवर नावं चिकटवते. सगळे विचारतात, रडलीस का. रडले नाही. सकाळी सहाला त्यांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवते, मग आठवतं, मग बंद करते. असं चार वेळा झालं. त्याचं वाईटही वाटत नाही. गॅस फुकट गेला, एवढंच वाटतं. हे कोणाला सांगायची भीती वाटते.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपल्या गावच्या शाळेनं नवं सभागृह बांधलंय, त्याला आजोबांचं नाव देणार आहेत. एक मेला उद्घाटन आहे. दाराशी दगडी पाटी लागेल, त्यावर आजोबांच्या कामाची माहिती दहा ओळींत. मुख्याध्यापक अजिनाथ सर म्हणाले, मजकूर घरच्यांनी द्यावा. बाबांनी लगेच सांगितलं, ऋतू लिहील, तिला शाळेच्या आधी आप्पांनीच पाटीवर अक्षरं शिकवलीत.

मी स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांना मिळालेल्या ताम्रपत्राबरोबरचा कागद काढला. त्यावर आहे: ‘येडू बिरप्पा. १९४८ साली सरहद्दीवरील कॅम्पातून निजामाच्या हद्दीत काडतुसे पोहोचवली. डाव्या पोटरीस गोळी लागून जखमी.’

अडचण अशी की शेवटची तीन वर्षं त्यांना आंघोळ मी घालत होते. दोन्ही पोटऱ्या मला पाठ आहेत. डावीवर काही नाही. उजवीवरही नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, गोळीची खूण माणसाबरोबरच जाते. मग ही ओळ मी कशी लिहू? गोळी दुसरीकडे लागली होती का? तुम्ही तेव्हा बरोबर होता, तुम्हाला आठवत असेल.

तुमची
ऋतुजा

•

सांगोला
४ फेब्रुवारी

ऋतूबाळास आशीर्वाद.

प्रियंका लिवतीया, मी सांगतीया. दादा गेला, ऐकलं. मी आले न्हाय ते बरंच झालं, तितं मला समदे च्या पाजत बसले असते. तुज्या बाला, भारत्याला म्हणावं, तुज्या आत्याला थंडी बाधाय ती काय कोंबडीचं पिल्लू हाय का. दादापरीस दोनच वर्षांनी ल्हान हाय मी, अजून शेळ्यांमागं जाते.

पोटरीचं इचारलंस. अगं, म्हाताऱ्याचं कातडं ढिलं पडतं, सुरकुत्यांत काय बी जातं. आन् पोरीच्या जातीनं आज्याच्या पोटऱ्या निरखत बसायच्या व्हय? सरकारनं शिक्का मारलाय, तितं तू काय गोळी हुडकतीयास? कागदावर हाय ते उतरून काढ आन् मास्तराला दे.

जेवत जा. रडू येत न्हाय तर न्हाय. मला बी आलं न्हाय.

चिमाबाई

वहिनीकडून: आजींनी तुमचं पत्र तीन वेळा वाचायला लावलं. दोन दिवस शेळ्यांकडे गेल्या नाहीत, पाय दुखतो म्हणाल्या. तो डावा पाय त्यांचा थंडीत नेहमीच दुखतो, मी तेल लावून चोळते. काळजी नसावी.

•

शुक्रवार पेठ, सोलापूर
१६ फेब्रुवारी

ती. चिमाआजी यांना नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे उतरवून काढायला बसले. जमलं नाही. ट्रंकेतले बाकीचे कागद काढले. त्यात कॅम्पाच्या यादीची नक्कल आहे. ‘येडू बिरप्पा, मेंढपाळ, वय १७, उंची पाच फूट एक इंच.’ आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आणि आमच्या दाराच्या चौकटीला त्यांचं डोकं लागायचं. गेले तेव्हाही पाच फूट आठ इंच भरले असते.

आता जे वाटतं ते लिहिते. कॅम्पात होता तो कोणी दुसराच मुलगा होता. त्यानं काही कारणानं आजोबांचं नाव सांगितलं असेल. बहुतेक तो पुढे मेला. मग कागद आजोबांच्या नावानं आले आणि आजोबांनी ते घेतले, ताम्रपत्रही घेतलं आणि गप्प राहिले. ते त्यांनी कधी भिंतीवर लावू दिलं नाही, बाबांनी फ्रेम करून आणली तरी. दर सतरा सप्टेंबरला सत्काराला बोलवायचे. लोक विचारायचे, तुम्हाला गोळी कशी लागली. ते म्हणायचे, ‘येडू बिरप्पा कॅम्पात होता. त्याला गोळी लागली.’ मला वाटायचं, म्हातारी माणसं असंच बोलतात. दुसऱ्या दिवशी सत्काराची शाल पिशवीत घालून एसटीनं तुमच्याकडे यायचे. घरात ठेवायची त्यांना लाज वाटत असेल.

मी अजिनाथ सरांना कळवलं, मजकूर देता येणार नाही. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. आईकरवी निरोप देतात. काल निरोप आला, ‘तिला म्हणावं, आज्यापेक्षा फुटपट्टी मोठी झाली का.’

मी आजोबांवर रागावलेली नाही. मला काहीच होत नाही. पण दुसऱ्याच्या रक्तावर आपलं नाव लावलेलं मला चालत नाही. त्या मुलाचं नाव तुम्हाला माहीत असेल तर कळवा. त्याच्या घरी कोणीतरी असेल. पाटी त्याची आहे.

ऋतुजा

•

सांगोला
१२ मार्च

ऋतू,

दादानं दुसऱ्याचं चोरलं, असं तू लिवलंस. तेवढंच लागलं. म्हणून सांगतीया, न्हायतर हे माज्याबरुबर जायचं हुतं.

त्यो पोरगा मेला न्हाय. हितं वट्यावर बसून शेंगा फोडतोय. मीच त्यो.

आदल्या सालची दिवाळी झाल्यावर आमी मेंढरं घिऊन उगवतीला सरहद्दीकडं गेलो हुतो, दर साली जायचो तसंच. कॅम्पाचे उदयसिंह म्हणून हुते, ते आमच्या तळावर आले. म्हणाले, निजामाच्या नाक्यावर मेंढक्याला कुणी अडवत न्हाय, एक पोरगं द्या. आमच्या बानं, बिरप्पानं, दादाचं नाव सांगितलं. बा एकदा बोलला की बोलला.

जायच्या दिशी सकाळी दादा उठलाच न्हाय. घोंगडीवर पालथा, मातीत तोंड. आदल्या आठवड्यात त्यो पलीकडचं जळलेलं गाव बघून आला हुता. मी हलवला. बोटं ताठ, अंग नुसतं लाकूड. रडत बी नव्हता. बा पाणी बघाय गेला हुता. आला असता तर काठीनं फोडला असता, आन् तरी दादा उठला नसता. मला ते दिसत हुतं. मी मेंढरं कातरायची कातर घेतली आन् केस कापले. दादाचं धोतर नेसले, पटका बांधला, घोंगडी घेतली. सतरा वर्साची हुते, काडीवानी. बा आला. माज्याकडं बघितलं, दादाकडं बघितलं. काठी माज्या हातात दिली.

तीन म्हैने मी येडू हुते. बाईचे दिवस आले की मेंढरं लांब न्यायची, म्हणायची, पाला तिकडं चांगला हाय. आवाज बारीक, तर पोरं हसायची, ह्याला अजून कंठ फुटला न्हाय म्हणायची. एक सिद्धराम हुता, त्यो मला रोज सांगायचा, वठावर करंजाचं तेल चोळ, म्हंजी मिशी येती. मी चोळायची बी.

काडतुसं चिंधीत गुंडाळून मेंढरांच्या पोटाला बांधायची. वरून बगलंची लोकर लोंबली की दिसायचं न्हाय. त्यासाठी बानं त्या साली मेंढरं कातरलीच न्हाईत. आमच्यात होळीच्या आत कातरायचीच, उन्हाळ्यात लोकर ठेवत न्हाईत. शिपायाला त्यातलं काय कळतंय? पाच खेपा सुकरूप झाल्या. सहाव्या खेपंला नाक्यावर कोंडीबा बसला हुता. त्या बाजूचा मेंढका, आमच्यातलाच, साधा माणूस. शिपायाशेजारी बिडी वढत हुता. माजी मेंढरं बघून म्हणाला, ‘आरं पोरा, तुजा बा मेला का काय? होळी हून गेली, मेंढरं अजून लोकरीतच?’

शिपायानं मग नीट बघितलं. खाली वाकून एकीच्या पोटाला हात लावला. मी पळाले.

गोळी पोटरीतनं आरपार गेली. मेंढरं उधळली. मी ओढ्यात पडले, शिपाई मेंढरांमागं गेले, तवर कोंडीबानंच मला खांद्यावर टाकलं आन् ओढ्याओढ्यानं आपल्या हद्दीत आणलं. उचलल्यावर त्येला कळलं मी कोण ते. ओढा सरला. मग म्हणाला, ‘पोरी, माजं तोंड जळो. मी आपलं मेंढक्यावानी बोलून गेलो.’ तीन म्हैन्यांत मला पोरी म्हणणारा त्यो एकटाच.

कॅम्पाच्या डाक्टरनं पोटरी बांधली. पोटरीच्या वर बघायचं त्येला काय काम? भादव्यात लष्कर आलं, निजाम संपला.

आन् दादा? त्यो मामाच्या घरी कणगीमागं. येडू कॅम्पात हाय म्हटल्यावर त्येला भाईर दिसता येत नव्हतं. उजेड बी बघितला न्हाय तीन म्हैने.

मग माजं लगीन झालं. गड्यांत राहून आलेली पोरगी कुणी केली असती? सासरी सांगितलं, पाय कोल्ह्याच्या सापळ्यात सापडला. लई वर्सांनी ताम्रपत्र आलं तवा दादा ते घिऊन हितं आला, माज्या पायापाशी ठेवलं, म्हणाला, परत करतो. मी म्हणाले, का परत केलं म्हणून इचारतील, मग मला ह्या घरातनं जावं लागंल. तुला माजी आण हाय. तवा ठेवलं त्येनं. शाली हितं हायत, पेटीत.

त्येनं कुणाचं खाल्लं न्हाय. माजं झाकलं. आता लिव कागदावर हाय तसं. येडू बिरप्पा.

चिमाबाई

वहिनीकडून: हे लिहून घ्यायला चार दिवस लागले. मी आठ वर्षं हा पाय चोळते. सापळ्यानं पोटरीला दोन्ही बाजूंनी गोल भोकं कशी पडतील, हे मला एकदाही सुचलं नाही. घरात कोणाला सांगितलेलं नाही, आमच्या यांनाही नाही.

•

शुक्रवार पेठ, सोलापूर
२४ मार्च

ती. चिमाआजी यांना नमस्कार.

पत्र लॅबच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. तिथंच उभ्यानं वाचलं. मग अकरा जणांचं रक्त घेतलं. संध्याकाळी परत वाचलं. मला अभिमान वाटायला हवा, आजोबांविषयी जे लिहिलं त्याची शरम वाटायला हवी. वाटेल कदाचित. आत्ता फक्त हात गार पडलेत.

आजोबांना मी चोर म्हटलं, त्याबद्दल तुमची माफी मागते. त्यांची मागता येत नाही.

पण ‘येडू बिरप्पा’ मी लिहिणार नाही. तुमचे मालक जाऊन तीस वर्षं झाली, सासू-सासरे त्याच्याही आधी गेले. आता तुम्हाला घरातून कोण काढणार? सोबत मजकूर पाठवते. दहा ओळी आहेत. नाव तुमचं आहे. सहावी ओळ अशी आहे: ‘नाव दिलेला भाऊ येडू भीतीने उठू शकला नाही, म्हणून त्याच्या वेषात चिमाबाई गेल्या.’ ही ओळ कठोर आहे, मला कळतं. गाळून बघितली, तर तो का गेला नाही हे कोणीही विचारेल. अर्धं लिहायचं मला जमत नाही.

मान्य असेल तर खाली अंगठा उठवून पाठवा. मान्य नसेल तर मी सरांना सांगेन, पाटी लावू नका. खोटी पाटी मी लागू देणार नाही. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्याकडून उत्तर आलं की सांगेन.

ऋतुजा

•

सांगोला
६ एप्रिल

ऋतू,

अंगठा दिलाय. प्रियंकाला म्हणाले, जरा ठळक उठव, शाई कशाला राखतीस.

सिद्धूला सांगितलं. हा माजा नातू, प्रियंकाचा मालक. आधी म्हणाला, आजी, डोक्याला ऊन लागलं का? मग म्हणाला, पाय दाखव. दाखवला. हात लावला न्हाय त्येनं. दिवसभर शेळ्यांकडं जाऊन बसला. दिवस मावळायला आला आन् म्हणाला, एवढी वर्सं माज्यासंगं बसून भाकरी खाल्लीस आन् बोलली न्हाईस. त्येला राग आलाय का काय ते मला कळलं न्हाय. घरातनं तर काढलं न्हाय.

पर सहावी ओळ खोडायला लावलीया. तितं लिव, येडूला ताप हुता.

तू म्हणशील, हे खोटं हाय. हाय. पर ती पाटी शाळेच्या दारात लागणार, पोरं रोज जातायेता वाचणार. माजा भाऊ मातीत तोंड घालून पडलेला मला तितं नगं. त्येच्यानंतर त्यो शहाण्णव वर्सांचा हून गेला, ऋतू. मेंढरं वाढवली, पोरं वाढवली, तुला अक्षरं शिकवली. आन् तुमी त्येला त्या एका सकाळीच ठिवणार व्हय? त्यो पडला हुता ते मी बघितलं. मी त्येला भेकड म्हणाले न्हाय. मग तू कोण?

ताप लिवलास तर माजं नाव घाल. न्हायतर दोघांची बी काढ, मोकळा दगड लावा म्हणावं. मला पाटीचं काय पडलेलं न्हाय.

चिमाबाई

वहिनीकडून: अंगठ्याच्या कागदाला घडी पडू दिली नाही, पुठ्ठ्यात घातलाय. पडलेलं नाही म्हणतात, पण दोनदा विचारून झालं, पाटी केवढी असणार.

•

शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ एप्रिल

ती. चिमाआजी यांना नमस्कार.

तुमचा कागद पाच दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. सर रोज फोन करत होते, दगड कोरणारा खोळंबलाय म्हणून. मी वेगवेगळ्या ओळी करून बघितल्या. ‘येडू जाऊ शकला नाही.’ ‘येडूऐवजी.’ ‘काही कारणाने.’ यातलं काहीही लिहिलं तरी खोटं होत नव्हतं. पण तुम्ही ताप मागितलात. आणि मी तुम्हाला विचारलं होतं, म्हणजे तुमचं ऐकायला हवं.

काल दुपारी लिहिलं. ‘नाव दिलेला भाऊ येडू तापाने अंथरुणाला खिळला, म्हणून त्याच्या वेषात चिमाबाई गेल्या.’ अक्षर नेहमीसारखंच आलं.

मग बाबांना दिलं. सगळं आधी सांगितलं, तुमचं चार फेब्रुवारीचं पत्रही पुढे ठेवलं, फक्त बारा मार्चचं आणि सहा एप्रिलचं ठेवलं नाही. ती दोन्ही, अंगठ्याच्या कागदासकट, माझ्याकडेच राहतील. चोवीस मार्चचं माझं पत्र वहिनींनी फाडावं. सहावी ओळ त्यात आहे.

बाबा आजोबांच्या खाटेवर बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. म्हणाले, म्हणजे आप्पा कॅम्पात नव्हतेच. मी म्हणाले, नव्हते. म्हणाले, आणि आत्या होती. मी म्हणाले, हो. लहानपणी वर्गात त्यांना उभं करायचे, स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा म्हणून टाळ्या वाजवायचे, ते त्यांनी मला सांगितलं. अगदी सपाट आवाजात. माझ्यासारखंच. मग कागद पुन्हा हातात घेतला, चष्मा लावला, सहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

‘ताप होता ना पण?’

बाबा साठ वर्षांचे आहेत, आजी. त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, ‘होता.’

‘लई होता?’

‘उठवत नव्हतं त्यांच्यानं.’

बाबांनी मान हलवली. मग स्वतःच सरांना फोन लावला आणि दहा ओळी वाचून दाखवल्या. सहावी दोनदा वाचली.

तुमची
ऋतुजा